विलीन बँकेचे ऋण, दोष आणि दंड

एखादी बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, की कायद्याच्या दृष्टीने पहिली बँक नाहीशी होते. तिची मालमत्ता, तिची देणी, तिने केलेले करार आणि तिच्यावर चाललेले दावे दुसऱ्या बँकेकडे जातात, आणि ज्या राजपत्रित योजनेने हे घडते ती योजना एक तारीख नेमून देते, जिच्या आदल्या दिवशीपर्यंत जी संस्था घेत होती, देत होती, चुकत होती, ती त्या दिवसापासून नसते. योजनेची भाषा कोरडी आणि हिशेबी असते. तरीही तिच्या पोटात भारतीय दर्शनांनी शतकानुशतके घोळवलेला एक प्रश्न दडलेला आहे. कर्ता उरला नाही तर त्याच्या कर्माचे काय होते?

या प्रश्नाची उत्तरे तपासण्यासाठी नैयायिकांनी दोन दोषांची कसोटी तयार केली होती. केलेल्या कर्माचे फळ कोणालाच न मिळता विरून जाणे हा ‘कृतनाश’, आणि जे केलेच नाही त्याचे फळ माथी येणे हा ‘अकृताभ्यागम’. सर्व काही क्षणोक्षणी नष्ट होते असे मानणाऱ्या बौद्धांवर नैयायिकांचा आक्षेप असा, की कर्म करणारा क्षण आणि फळ भोगणारा क्षण वेगळे असतील तर पहिल्याच्या बाबतीत कृतनाश आणि दुसऱ्याच्या बाबतीत अकृताभ्यागम असे दोन्ही दोष एकदम पदरी पडतात. बाराव्या शतकात हेमचंद्रांनीही क्षणिकवादाचे खंडन करताना जैनांच्या बाजूने हाच आक्षेप घेतला. नियामक अटींच्या अनुपालनावरून विलीनीकरणात जे वाद उभे राहतात, त्यांतला प्रत्येक पक्ष, नकळत का होईना, याच दोहोंपैकी एका दोषाकडे बोट दाखवत असतो. जुन्या बँकेचा धनको म्हणतो की बँक नाहीशी झाली म्हणून तिचे कृत्य नाहीसे होऊ देऊ नका. नवी बँक म्हणते की जे आम्ही केले नाही ते आमच्या खात्यावर मांडू नका. दोघांचेही म्हणणे खरे असू शकते, आणि अडचण नेमकी तीच आहे.

लक्ष्मी विलास बँकेचे प्रकरण ही अडचण जितकी उघडी करते तितकी क्वचितच दुसरे एखादे करत असेल. तमिळनाडूतील करूर येथे १९२६ मध्ये स्थापन झालेल्या या बँकेवर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये ‘त्वरित सुधारणात्मक कारवाई’ची चौकट लागू केली; तेव्हाच्या नियमांनुसार भांडवल, थकीत कर्जे आणि नफा यांचे ठरलेले उंबरठे ओलांडले गेले की बँकेच्या कर्जवाटपावर आणि विस्तारावर बंधने घालणारी ही व्यवस्था आहे. त्यानंतर एका गृहवित्त कंपनीशी जुळवलेल्या विलीनीकरणाला रिझर्व्ह बँकेने नकार दिला. १७ नोव्हेंबर २०२० रोजी बँकेवर अधिस्थगन, म्हणजे देणी देण्यावरची सरकारी स्थगिती, आले आणि ठेवीदारांना २५,००० रुपयांपर्यंतच पैसे काढण्याची मुभा राहिली. दहा दिवसांत, २७ नोव्हेंबरला, ती बँक सिंगापूरच्या डीबीएसच्या भारतीय उपकंपनीत विलीन झाली. ठेवीदारांची ठेव पूर्ण राहिली. भागधारकांचे भांडवल मात्र पूर्णपणे खोडले गेले, आणि ३१८ कोटींहून अधिक रकमेचे दुय्यम रोखेही त्याबरोबर गेले.

विलीनीकरणाच्या आधीच एका वित्तसंस्थेने तक्रार केली होती, की तिने या बँकेत ठेवलेल्या सातशे कोटींहून अधिक रुपयांच्या मुदत ठेवी बँकेने तिच्या प्रवर्तकांच्या अन्य कंपन्यांना दिलेल्या कर्जांपोटी परस्पर वळत्या करून घेतल्या. फौजदारी तक्रार दाखल झाली, तपास चालू होता, आणि आरोपी बँकच अस्तित्वातून गेली. मग आरोपीच्या जागी डीबीएस उभी राहते काय? सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये ‘रेलिगेअर फिनव्हेस्ट’ खटल्यात नाही असे उत्तर दिले. लक्ष्मी विलास बँकेच्या अधिकाऱ्यांच्या कथित कृत्यांबद्दल डीबीएसवर फौजदारी जबाबदारी लादता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले, आणि त्यासाठी योजनेतील ज्या तरतुदीचा आधार घेतला तिचा आशय असा की प्रलंबित दावे नव्या बँकेकडून पुढे चालतील, परंतु जुन्या बँकेच्या संचालक-अधिकाऱ्यांवरील गुन्ह्यांची कार्यवाही, जणू ती बँक विसर्जित झालीच नाही असे समजून, त्या व्यक्तींवरच चालेल.

हे ‘जणू विसर्जित झालीच नाही’ नीट वाचण्यासारखे आहे. एकच दस्तऐवज एका खंडात बँक संपल्याचे सांगतो, दुसऱ्यात तिचे दिवाणी आयुष्य परक्या घरी चालू ठेवतो, आणि तिसऱ्यात, केवळ शिक्षेपुरते, तिला मेली नाही असे मानतो. तर्कशास्त्राच्या दृष्टीने हा गोंधळ वाटेल. मात्र मीमांसकांच्या एका जुन्या चर्चेच्या प्रकाशात पाहिले तर त्यात चांगलीच शिस्त दिसते.

वैदिक यज्ञात कर्म प्रत्यक्ष करतात ते ऋत्विज, म्हणजे दक्षिणा घेऊन काम करणारे पुरोहित, आणि फळ मिळते ते यजमानाला, ज्याने यज्ञ योजला आणि खर्च सोसला. आधुनिक कंपनीची रचना अशीच आहे. अधिकारी हातांनी करतात, कंपनी फळ घेते. परंतु ‘सत्र’ नावाचा यज्ञ याला अपवाद आहे. सतरा ते चोवीस जण एकत्र येऊन तो करतात, कोणी कोणाला दक्षिणा देत नाही, प्रत्येक जण ऋत्विजही असतो आणि यजमानही. सहकारी बँकेची मूळ कल्पना याहून फार वेगळी नाही, हे जाता जाता नोंदवायला हरकत नाही. सत्राचे काम बरेच दिवस चालत असल्याने मीमांसकांपुढे प्रश्न आला, की मध्येच एखादा सत्री मरण पावला तर काय करावे. यजमानाला प्रतिनिधी नसतो हा सामान्य नियम, कारण फळाची इच्छा उसनी घेता येत नाही. तरी सत्रात ठरलेली संख्या पुरी व्हायला हवी म्हणून मृताच्या जागी दुसरा माणूस आणावा, असे जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात ठरवले आहे. मात्र हा नवा माणूस यजमान होत नाही. यजमानाची व्रते आणि कर्तव्ये त्याला पाळावी लागतात, पण यज्ञाचे फळ त्याला मिळत नाही.

विलीनीकरणातील हस्तांतरिती बँक, म्हणजे जी दुसऱ्या बँकेला आपल्यात सामावून घेते ती, बरीचशी अशा आणलेल्या सत्र्यासारखी आहे. तिच्याकडे कर्तव्य येते. त्या कर्तव्याला कारण झालेले पुण्य किंवा पाप येत नाही. लक्ष्मी विलास प्रकरणातील निकालाचा आशय या भाषेत मांडला तर तो अधिक पटतो, कारण आपण न ओढवलेल्या संकटातून ठेवीदारांना वाचवायला आलेल्या संस्थेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा उघड अकृताभ्यागम झाला असता. ही तुलना एका जागी मात्र तुटते. सत्रात आणलेला माणूस फळाविना घरी जातो. नवी बँक शाखा, ग्राहक आणि व्यवसायाचा विस्तार घेऊन जाते. फळाचा गोड भाग तिच्याकडे येतो आणि कडू भाग मागे राहतो. तक्रारदाराला यात कृतनाशाचा वास आला तर तो अगदीच निराधार म्हणता येत नाही.

ऋण वारसाकडे जाते आणि दोष कर्त्याकडेच राहतो, ही विभागणी मान्य केली तरी अनुपालनाचे बहुतेक वाद या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात घडतात, आणि तो पट्टा दंडाचा आहे. नियामकाने ठोठावलेला दंड रकमेच्या रूपात असतो म्हणून ऋणासारखा दिसतो. तो चुकीबद्दल असतो म्हणून दोषासारखाही असतो. या ठिकाणी धर्मशास्त्रकार आश्चर्य वाटावे इतके स्पष्ट आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीने मृताचे ऋण कोणी फेडावे याचा क्रम लावताना जो रिक्थ, म्हणजे मागे राहिलेली मालमत्ता, घेतो त्याला पहिला धरले आहे, आणि पुत्राने पित्याची कोणती देणी देऊ नयेत याची यादी दिली आहे. मद्य, काम आणि द्यूत यांसाठी काढलेले कर्ज व निरर्थक दाने त्या यादीत आहेत, आणि त्यांच्याच ओळीत पित्याकडून येणे राहिलेला दंड आणि शुल्काची थकबाकीही आहे. म्हणजे ज्या परंपरेने पितृऋण फेडणे हे पुत्राचे धार्मिक कर्तव्य मानले, तिनेही पित्याला झालेला दंड पुत्राच्या डोक्यावर ठेवला नाही. महाराष्ट्रात जिचे प्रामाण्य इंग्रजी न्यायालयांनीही मानले ती विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही याच स्मृतीवरची टीका आहे.

अशा न बांधणाऱ्या कर्जाला नंतरच्या कायद्यात ‘अव्यावहारिक ऋण’ ही संज्ञा रूढ झाली. तिचा अर्थ किती ताणावा हा प्रश्न एका बँकेमुळेच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, हा योगायोग नोंद घेण्याजोगा आहे. जुन्या मुंबई इलाख्यातील धारवाड अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक बुडाली, तिच्या व्यवस्थापकीय संचालकावर गैरकारभाराबद्दल भरपाईचा आदेश निघाला, त्याच्या कुटुंबाची मालमत्ता लिलावात गेली, आणि हे देणे अव्यावहारिक असल्याने आपल्यावर बंधनकारक नाही असे मुलांनी म्हटले. १९५९ मध्ये न्यायालयाने ते मान्य केले नाही. सदाचाराला थेट बाधा आणणारे देणे अव्यावहारिक, पण नागरी कर्तव्यातील कसुरीमुळे आलेली भरपाई त्यात बसत नाही, असा त्या निर्णयाचा रोख होता. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने पुत्राचे हे धार्मिक कर्तव्यच पुढच्या कर्जांपुरते कायद्यातून काढून टाकले. त्यानंतर माणसाच्या पोटी जन्मलेल्या वारसाहून कागदावर जन्मलेला वारस जास्त बांधलेला आहे, कारण पूर्वजाची सर्व देणी स्वीकारण्याची अट त्याच्या जन्मपत्रिकेतच, म्हणजे विलीनीकरणाच्या योजनेत, लिहिलेली असते.

दंडाविषयी आजच्या कायद्याचा कल याज्ञवल्क्याच्या उलट आहे. एका चहाच्या मळ्याचे हस्तांतर झाल्यावर आधीच्या मालकाने भविष्य निर्वाह निधी थकवल्याबद्दलची नुकसानभरपाईही नव्या मालकाकडून वसूल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवले. ही भरपाई वस्तुतः दंडाच्याच जातीची आहे, तरी कामगारांचे हित पुढे ठेवून ती मालमत्तेमागोमाग जाते असे मानले गेले. करांच्या प्रकरणांत ओळखीचाच प्रश्न अधिक बोचरा झाला. विलीन होऊन नाहीशा झालेल्या कंपनीच्या नावे केलेली करआकारणी शून्यवत ठरते, कारण नसलेल्याला नोटीस देता येत नाही, असे २०१९ च्या मारुती सुझुकी निकालाने सांगितले. आणि २०२२ च्या महागुन रिअल्टर्स निकालाने, जिथे वारस कंपनीने विलीनीकरणाची गोष्टच कर अधिकाऱ्यांपुढे उघड केली नव्हती तिथे, हा बचाव नाकारताना विलीनीकरणात कंपनीचे बाह्य कवच जाते पण तिचा उद्योग नव्या घरात जगत राहतो असे म्हटले. देह गेला, उद्योग उरला. दर्शनग्रंथ वाचणाऱ्याला ही भाषा परकी वाटणार नाही.

या निकालांतून हळूहळू एक गोष्ट दिसू लागते. न्यायालये आधी ‘ही बँक तीच आहे काय’ हे ठरवतात आणि मग त्यावरून फळ वाटतात असे घडत नाही. फळ कोणाकडे जावे हे आधी ठरते, आणि त्या वाटपाला शोभेल तसे ‘तीच’ किंवा ‘दुसरी’ म्हटले जाते. नैयायिकांना हे मुळीच रुचले नसते, कारण त्यांच्या मते आत्म्याचे एकत्व हा न्यायाचा पाया असतो, तो न्यायातून निघणारा निष्कर्ष नसतो. ‘मिलिंदपन्ह’ या बौद्ध ग्रंथातल्या भिक्षू नागसेनाला मात्र ते ओळखीचे वाटले असते. यवन राजा मिलिंदाने पुनर्जन्म घेणारा तोच असतो की दुसरा असे विचारले, तेव्हा तोही नव्हे आणि दुसराही नव्हे, असे उत्तर त्याने दिले आणि दृष्टांत दिले. गवळ्याकडून दूध विकत घेऊन ते त्याच्याकडेच ठेवून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो, तेव्हा दुधाचे दही झालेले असते. माझे दूध दे असे तो म्हणतो, आणि तुझेच दूध दही झाले असे गवळी म्हणतो. राजाने गवळ्याचा पक्ष घेतला, कारण दही त्याच दुधातून झाले होते.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेच्या ठेवीदारांपुढे हाच दृष्टांत ठेवला असता तर त्यांनी तो इतक्या सहज मानला नसता. या बँकेने एका बांधकाम उद्योगसमूहाला साडेसहा हजार कोटींच्या आसपास कर्ज देऊन ते एकवीस हजारांवर बनावट खात्यांआड लपवले असल्याचे उघड झाले, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा ठेवीदाराला सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. २५ जानेवारी २०२२ रोजी ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतची ठेव ठेव विम्यातून मिळाली. त्यावरची रक्कम वर्षावर्षाच्या टप्प्यांनी, शेवटचा टप्पा दहा वर्षांनी, असे ठरले. ३१ मार्च २०२१ नंतर, विलीनीकरणापासूनची पाच वर्षे पुरी होईपर्यंत व्याज नाही, आणि पुढे वर्षाला पावणेतीन टक्के. संस्थात्मक ठेवीदारांच्या विम्याबाहेरील रकमेचा ऐंशी टक्के भाग नव्या बँकेच्या कायमस्वरूपी प्राधान्य भागांत बदलला गेला. दुधाचे दही झाले. पण हे विरजण आपोआप लागलेले नव्हते. ते कोणीतरी लावले.

‘ठेव’ या मराठी शब्दातच यातला अर्धा गैरसमज आहे. धर्मशास्त्रात ‘निक्षेप’ म्हणजे विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली वस्तू, जी जशी दिली तशी परत मिळायची असते, आणि राजा, दैव किंवा चोर यांच्यामुळे ती गेली तरच ठेवून घेणारा सुटतो. सामान्य ठेवीदाराच्या मनात बँकेतली ठेव याच अर्थाने असते. कायद्यात ती ऋण असते; ठेवीदार हा बँकेचा धनको, आणि त्याचे पैसे त्या क्षणापासून बँकेचे. प्राचीन महाराष्ट्राने हा फरक ओळखला होता असे नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदात या दानकर्त्याच्या लेखावरून दिसते. त्याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवले, दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर पाऊण असा व्याजदर ठरवला, आणि मूळ रक्कम परत घ्यायची नाही असे लेखातच सांगितले. श्रेणी कधी मरत नाही, या गृहीतावर ती ‘अक्षयनीवी’, म्हणजे न संपणारी ठेव, उभी होती. काही शतकांनंतरच्या, स्कंदगुप्ताच्या काळातील इंदोर ताम्रपटाला (आजच्या उत्तर प्रदेशातील बुलंदशहराजवळचे इंदोर) हे गृहीत पुरेसे वाटले नाही. सूर्यमंदिराच्या दिव्याला तेल पुरवण्याचे काम तेल्यांच्या श्रेणीकडे देताना, श्रेणी एकसंध असेपर्यंत ते तिच्याकडे राहील, ती हे गाव सोडून दुसरीकडे गेली तरीही, असे त्यात लिहिले आहे. संस्थेची ओळख कशाने ठरते याचे ते फार जुने कलम आहे: जागा बदलली तरी चालेल, ऐक्य तुटता कामा नये. त्या कसोटीवर पीएमसी बँकेच्या ठेवीदाराला युनिटी ही आपली बँक वाटली नाही तर नवल नाही.

नागसेनाच्या गवळ्यापाशी परत यायला हवे, कारण त्याच्या दृष्टांतात नसलेला एक तिसरा पक्ष इथे आहे. बँकिंग नियमन अधिनियमाच्या कलम ४५ खाली योजना रिझर्व्ह बँक तयार करते, मसुद्यावर सूचना मागवते, केंद्र सरकार मंजुरी देते, आणि मग ती ठेवीदारांसह सर्वांवर बंधनकारक होते; भागधारकांच्या दोन तृतीयांश मूल्याच्या संमतीची जी अट स्वेच्छेच्या विलीनीकरणाला कलम ४४अ लावते, ती इथे नाही. २०२० च्या दुरुस्तीने ही तरतूद सहकारी बँकांनाही लागू केली आणि आधी अधिस्थगन लावण्याची गरज उरली नाही. सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल सरकार आणि रिझर्व्ह बँक यांना कलम ५४ संरक्षण देते. विलीन होणारी बँक एक कर्ता, सामावून घेणारी दुसरा, आणि ही वाटणी ठरवणारा नियामक तिसरा. पहिल्या दोघांच्या कर्माविषयी वाद घालता येतो, तिसऱ्याच्या कर्माचे खाते बहुधा उघडले जात नाही.

ब्रह्मसूत्रांत ईश्वरावर असाच आक्षेप घेतलेला आहे, की तो कोणाला सुख आणि कोणाला दुःख देतो म्हणून त्याच्यात ‘वैषम्य’, म्हणजे पक्षपात, आणि ‘नैर्घृण्य’, म्हणजे निर्दयता, हे दोष येतात. शंकराचार्यांचे उत्तर असे, की ईश्वर प्राण्यांच्या कर्माकडे पाहून फळ देतो. पाऊस सर्वांवर सारखा पडतो, पीक बियाण्याप्रमाणे येते. लक्ष्मी विलास बँकेच्या ठेवीदाराला एक रुपयाही गमवावा लागला नाही आणि मुंबईच्या सहकारी बँकेच्या ठेवीदाराला पाच लाखांच्या वरच्या रकमेसाठी जानेवारी २०३२ पर्यंत थांबण्याची वेळ आली. या फरकाला कारणे आहेत: एका बँकेसाठी २,५०० कोटींचे भांडवल आणणारा धनवान खरेदीदार होता, दुसरीसाठी नव्याने परवाना मिळालेली लहान बँक होती, आणि दुसरीच्या पोकळीचा आकारही मोठा होता. पण ही कारणे ठेवीदारांच्या कर्माची नाहीत. दोघांनीही सारखेच केले होते. परवाना असलेल्या बँकेत पैसे ठेवले होते. बियाणे एकच असताना पीक वेगळे आले, तेव्हा शंकराचार्यांचे उत्तर नियामकाला वापरता येत नाही, आणि वैषम्याचा आक्षेप त्याच्यापुढे जसाच्या तसा उभा राहतो.